हजेरीतलं दहावं नाव

"म्हणजे तुमचा वर्ग चालावा म्हणून मी अडाणी राहायचं?"

"अडाणी कोण म्हणालं तुम्हाला, मावशी? नवसाक्षर म्हणतो आपण."

"तीन वर्षं झाली मला नवी होऊन. नवी सूनसुद्धा इतके दिवस नवी राहत नाही, मास्तर."

निवृत्त पोस्टमास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत घातला. उत्तर सुचत नसलं की ते चष्मा पुसत. त्या दिवशी काचा आरशासारख्या झाल्या होत्या.

"परीक्षा तुम्हीच घेतलीत," ती म्हणाली. "पेपर तुम्हीच तपासलात. शंभरातले एक्क्याऐंशी पडले म्हणून सगळ्यांपुढं टाळ्या वाजवायला लावल्यात. मग दाखला कुठाय?"

"दाखला तयार आहे हो. फक्त सही राहिलीय."

"कुणाची?"

"माझी."

"मग? हात मोडलाय?"

पोस्टमास्तर हसले. ते सगळ्यावर हसत. चाळीस वर्षं लोकांची पत्रं वेळेवर पोचवणारा हा माणूस एका बाईचा एक कागद महिनाभर खणात दाबून बसला होता, आणि वर हसत होता.

"समजून घ्या, मावशी. ही खोली वाचनालयानं आपल्याला दिलीय ती एका अटीवर. हजेरीत निदान दहा निरक्षर पाहिजेत. तुम्ही दहाव्या. तुम्ही पास झालात की उरले नऊ. नऊ झाले की खोली गेली. मग इथं कॅरम ठेवणार आहेत ते."

"आणखी एक अडाणी शोधा."

"शोधतोय की. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. हल्ली कोणी कबूलच करत नाही."

तिनं खोलीकडं नजर टाकली. दहा घडीच्या खुर्च्या, एक फळा, फळ्याच्या डोक्यावर कापडी फलक: सर्वांचा सहभाग, सर्वांना अक्षर. तो फलक तिला वाचता येत होता, हाच तर सगळा घोळ होता.

"सोमवारी अकराला माझी मुलाखत आहे," ती म्हणाली. "मुकादमाची. दाखला नसेल तर दारातूनच परत पाठवतील. बावीस वर्षांनी जागा निघालीय, मास्तर. पुढची निघेल तेव्हा मला उचलून न्यावं लागेल."

ही बाई कोण, हे सांगायला हवं. मोठ्या रुग्णालयाच्या मागं, शवागाराच्या अलीकडं, एक लांबलचक पत्र्याची इमारत आहे. तिथं हजार खाटांच्या चादरी धुतात. त्या धुलाईघरात ती बावीस वर्षं होती. तिला तिथं गाठवाली म्हणत, कारण तिच्या कमरेला सदैव सुतळीचे तुकडे खोचलेले असत. दहा चादरी मोजल्या की एक गाठ. हाडांच्या वॉर्डाला जाड सुतळी, बाळंतिणींच्या वॉर्डाला पांढरा दोरा, शस्त्रक्रियेच्या हिरव्या कपड्यांना निळा. वाफेत, सोड्याच्या पाण्यात, कामगारांच्या आरड्याओरड्यात तिच्या गाठी कधी चुकल्या नाहीत. जुना मुकादम खुर्चीवर बसून तिला विचारायचा, "गाठवाले, आज किती?" ती सुतळी चाचपून सांगायची आणि तो वहीत लिहायचा. त्याला वाचता येत होतं. त्याला तेवढंच येत होतं. ओली चादर कुठल्या वॉर्डाची हे तिला डागावरून कळायचं, त्याला शाईनं छापलेलं नाव वाचूनही कळायचं नाही.

तरुणपणी तिला लिहिणाऱ्यावाचणाऱ्यांची कीवच येई. तिचा नवरा मालमोटारीवर होता. तो रस्त्यावरच्या पाट्या वाचून गाव चुकायचा. तिचा दीर रोज वर्तमानपत्र वाचायचा आणि स्वतःच्या पोरीचं वय विचारलं तर बायकोकडं बघायचा. अक्षरांनी माणूस शहाणा होत असता तर आपल्या घरात एवढी गाढवं कशी निपजली असती, असं ती म्हणे. नवरा गेला, दीर गेला, आता घरात ती आणि जाऊ. दोघींची तोंडं एकाच सहाणेवर घासलेली.

मुकादमाची जागा निघणार, असं तीन वर्षांपूर्वी कानावर आलं आणि त्याबरोबर हेही आलं की आता वही स्वतः लिहावी लागेल, साक्षरतेचा दाखला लागेल. नेमक्या त्याच महिन्यात गल्लीला समाजसेवेचा झटका आला. पोस्टमास्तरांनी समिती काढली. समितीनं नियम केला की सहभाग सर्वांचा पाहिजे, म्हणून प्रत्येक घरानं पाळीपाळीनं एक आठवडा शिकवायचं.

आणि इथंच या शहाण्या लोकांचं गाडं चिखलात रुतलं. प्रत्येक आठवड्याला नवा माणूस. प्रत्येक नवा माणूस उत्साहानं फुललेला. आणि प्रत्येक जण सुरुवात अ पासून करणार, कारण आधीच्यानं काय शिकवलं हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. दंतवैद्य आले, त्यांनी अ शिकवला. पाळणाघरवाली आली, तिनं अ शिकवला आणि वर टाळी वाजवून दाखवली. कॉलेजातली एक मुलगी आली, तिनं दहा प्रौढांना बघितलं, तिचे डोळे भरून आले, आणि रडून झाल्यावर तिनं अ शिकवला. एक निवृत्त अधिकारी सगळ्यांशी मोठ्यानं आणि तुटक बोलायचा, जणू अक्षर न येणं म्हणजे कानात बोळे असणं. तीन वर्षांत तिनं अननस इतक्या वेळा गिरवला की समितीतल्या सगळ्यांनी मिळून खाल्ला नसेल.

वाचायला ती शिकली ती धुलाईघरात. चादरीच्या कोपऱ्यावर काळ्या शाईत विभागाचं नाव असतं. कुठली चादर कुठली हे तिला आधीच ठाऊक होतं, त्यामुळं खाली काय लिहिलं असणार हेही ठाऊक होतं. वर्गात अननसाची तिसरी फेरी चालू असताना तिनं एका दुपारी 'अस्थिरोग विभाग' हे शब्द आपले आपण वाचले आणि गठ्ठा खाली ठेवून जरा बसली. मग रोग्यांच्या कपड्यांच्या खिशांत राहून गेलेल्या चिठ्ठ्या आल्या. धुवायच्या आधी खिसे तपासणं हे तिचंच काम. औषधांच्या याद्या, टेलिफोनचे आकडे, कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं, 'बाबांना आजाराचं नाव सांगू नका.' ती चिठ्ठी तिनं चार दिवस जपून ठेवली आणि मग त्या वॉर्डात नेऊन दिली. खाट रिकामी होती.

हे सगळं तिनं वर्गात कधी सांगितलं नाही. समितीला वाटत होतं, आपण शिकवलं.

"एक मार्ग आहे," पोस्टमास्तर म्हणाले.

ती उभीच होती. "बोला."

"रविवारी वर्गाचा वर्धापनदिन. प्रमुख पाहुणे येणार. कल्पना अशी आहे की पाहुण्यांनी एका निरक्षर व्यक्तीचा हात धरायचा आणि पाटीवर तिचं पहिलं अक्षर गिरवून घ्यायचं. फोटो छापून येईल. फोटो आला की पुढच्या दोन वर्षांची खोली पक्की. मग हजेरीत नऊ असले काय आणि सात असले काय."

"मग घ्या कुणाला तरी. नऊ जण आहेत की."

"त्यातल्या एकीला हसू आवरत नाही. आजोबांना ऐकू येत नाही. तुमच्या जाऊबाई डावऱ्या, पाहुण्यांची पंचाईत. आणि त्या बोलतात फार." पोस्टमास्तरांनी आवाज खाली आणला. "तुम्ही समजूतदार आहात. कार्यक्रम झाला की तिथल्या तिथं सही करतो. तारीख मागची टाकतो, परीक्षेच्या दिवसाची. तीच खरी तारीख आहे, त्यात खोटं काही नाही."

"मला येतं लिहायला आणि येत नाही असं मी दाखवायचं."

"पाचच मिनिटं, मावशी. समाजासाठी."

पोस्टमास्तर तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे होते आणि तिला मावशी म्हणत. गरिबाला नात्यात ओढलं की त्याच्याकडून काहीही फुकट मागता येतं, हे या लोकांना कुठल्या वर्गात शिकवतात कोण जाणे.

घरी जाऊ चहाचं आधण ठेवून बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग कर की. तुला कुठं तोंडाला रंग फासायचाय."

"लाज नाही वाटायची?"

"कुणाची? त्यांची? तीन वर्षं ते शिकवल्याचं सोंग करतायत, आपण शिकल्याचं करतोय. मी तर तिथं खुर्चीसाठी जाते बाई. आपल्या घरात पाठ टेकायला खुर्ची नाही आणि तिथं बिस्किटंही देतात."

"तुला कधी वाटलं नाही शिकावं?"

"तू शिकलीस, काय दिवे लावलेस? अजून दाखला मागत फिरतेयस." जावेनं कप पुढं सरकवला. "जा, हात दे त्यांच्या हातात. सोमवारी खुर्चीत बसलीस की तिथूनच थुंक सगळ्यांवर."

तसं पाहिलं तर हा सल्ला काही वाईट नव्हता.

रविवारी खोलीत माणसं मावेनात. बाकीच्या नऊ निरक्षरांना मागं उभं केलं होतं, कारण खुर्च्या समितीच्या नातेवाइकांना लागल्या. पुढं एक तात्पुरतं व्यासपीठ, त्यावर टेबल, गुच्छ, आणि एका बाजूला खुर्चीत पाटी घेऊन बसलेली ती. तिला मुद्दाम जुनं लुगडं नेसून यायला सांगितलं होतं. ती आपलं सगळ्यात चांगलं नेसून आली. पाळणाघरवालीनं नाक मुरडलं.

मग पोस्टमास्तरांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. शिक्षणाधिकारी सर्दीनं बेजार असल्यामुळं येऊ शकले नाहीत, परंतु समितीच्या विनंतीला मान देऊन आपल्या मोठ्या रुग्णालयाचे नवे प्रशासक आयत्या वेळी आले आहेत.

ती खुर्चीत ताठ झाली. नवे प्रशासक दोन महिन्यांपूर्वी आले होते. धुलाईघराकडं ते अजून फिरकले नव्हते, पण सोमवारच्या मुलाखतीच्या कागदावर त्यांचीच सही होती. तिनंच वाचली होती.

पोस्टमास्तर पाटी नीट करण्याच्या निमित्तानं वाकले.

"मास्तर, हे तर माझे साहेब आहेत."

"मग चांगलंच की. ओळख होईल."

"उद्या तेच मुलाखत घेणार आहेत."

पोस्टमास्तरांच्या कपाळावर क्षणभर आठी आली आणि विरली. त्यांच्या आतल्या खिशातून दाखल्याचं टोक बाहेर डोकावत होतं. "आता कसं थांबवणार, मावशी? लोक बसलेत. करा एवढं, मग सही आहेच."

उठून जावं, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण तिनं दुसराच हिशेब केला. साहेब लोक आपल्यासारखीचं तोंड बघतात कुठं? बावीस वर्षांत पाच प्रशासक झाले, त्यांतल्या एकालाही धुलाईघरातली दोन माणसं वेगळी ओळखता आली नसती. हा कोण लागून गेला. उद्या स्वच्छ तोंडानं, नवा कोरा दाखला घेऊन त्याच्यापुढं उभी राहीन, आणि त्याला वाटेल ही कुणी दुसरीच.

प्रशासक वयानं लहान होते. त्यांनी शेजारी येऊन तिचा हात हातात घेतला तेव्हा त्यांचाच तळवा घामेजला होता. "घाबरू नका," ते पुटपुटले.

ती कशाला घाबरते. तिनं ओल्या चादरीसारखा हात सैल सोडला. खडू मुद्दाम उलटा धरला, त्यांनी सुलटा करून दिला. जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात दाबलं, भुवया आवळल्या, पहिली रेघ पाटीबाहेर जाऊ दिली. समोर कुणीतरी "अरेरे" म्हणालं. दुसरी रेघ थरथरत आत आणली. अक्षर पुरं झालं तसं तिनं आधी पाटीकडं, मग स्वतःच्या बोटांकडं बघितलं, जणू ती बोटं कालच कुणीतरी आणून लावली होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे तिचं तिला सुचलं, आणि खोटं कशाला बोला, तिला मजाही आली. टाळ्या थांबेनात. पाळणाघरवाली मुसमुसू लागली. प्रशासकांनी रुमाल काढला.

एका अक्षरावर एवढं पाणी. यांना एखादं अख्खं पान वाचून दाखवलं तर पूरच यायचा.

कार्यक्रम आटोपल्यावर पोस्टमास्तरांनी दाखल्यावर सही केली, मागची तारीख घातली. मागं उभी असलेली जाऊ दोन बिस्किटं पदराला बांधून पुढं आली आणि म्हणाली, "झालं? एवढ्यासाठी महिना?"

सोमवारी अकराला ती प्रशासकांच्या खोलीत गेली. तिनं दाखला टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, मग वर बघितलं. मग पुन्हा दाखल्याकडं.

"आपण काल भेटलो," ते म्हणाले.

तिनं कमरेची सुतळी चाचपली.

"काल घरी जाऊन बायकोला सांगितलं मी. आईला फोन केला. माझ्या आईला लिहिता येत नाही. तिला म्हटलं, आई, आज तुझ्याएवढ्या बाईनं माझ्या हातात हात देऊन पहिलं अक्षर काढलं, तूही शीक. ती फोनवर रडायला लागली." त्यांनी दाखला बोटानं पुढं सरकवला. "हा दाखला गेल्या महिन्यातला आहे."

सगळे साहेब सारखे, हा तिचा बावीस वर्षांचा आडाखा, आणि तो नेमका याच माणसापाशी चुकला होता.

"मला येतं वाचायला," ती म्हणाली.

त्यांनी समोरचा एक कागद तिच्या हातात दिला. धुलाईघराचंच परिपत्रक होतं. तिनं न अडखळता वाचलं, वरपासून खालपर्यंत, आणि शेवटी म्हणाली, "अतिदक्षता विभागाच्या चादरी चाळीस लिहिल्यात. चाळीस नाहीत. बत्तीस आहेत. आठ फाटून सहा महिने झाले."

प्रशासकांनी कागद परत घेतला. त्यांचा चेहरा उतरला होता. तिला वाचता आलं नसतं तर कदाचित इतका उतरला नसता.

"मग काल माझ्या हातात हात कशाला दिलात?"

"दाखल्यासाठी."

"वाचता येतं हे सिद्ध करायला, वाचता येत नाही असं दाखवायचं?"

"आमच्या गल्लीत तसंच आहे. मास्तरांना विचारा."

"विचारतो. ते बाहेरच बसलेत, कालचा फोटो घेऊन."

पोस्टमास्तर आत आले ते फोटो छातीशी धरून. मोठा करून आणला होता. तिला बघून त्यांचं हसू अर्ध्यावर थबकलं, पण त्यांनी ते तसंच चेहऱ्यावर राहू दिलं.

"वा, मावशीही इथंच. साहेब, काल आपण जो वेळ काढलात…"

"ही सही तुमची?" प्रशासकांनी दाखला दाखवला.

"हो, माझीच."

"तारीख खरी?"

"अगदी. परीक्षेच्या दिवसाची."

"मग काल मी ज्यांचा हात धरला त्यांना लिहिता येत होतं. हे तुम्हाला माहीत होतं?"

पोस्टमास्तरांनी चष्म्याकडं हात नेला, पण हातात फोटो होता.

"त्याचं असं आहे साहेब, प्रौढ शिक्षण ही एक प्रक्रिया असते. त्यात समाजाचा सहभाग…"

"मला प्रक्रिया नको. मी सरळ सांगतो. मुकादमाच्या वहीवर मला डोळे मिटून विसंबावं लागणार. कालचं सोंग या बाईंनी स्वतःच्या मनानं केलं असेल, तर मी ही वही यांच्या हातात देऊ शकत नाही. बाहेर दुसरा उमेदवार बसलाय, त्याला बोलावतो. पण तुम्ही सही अडवून यांच्याकडून ते करून घेतलं असेल, तर चूक तुमची. मग यांना मी आत्ता, इथंच नेमतो. यांच्यापेक्षा चांगलं माणूस मला मिळणार नाही, हे कळलंय मला."

"सांगा मास्तर," ती म्हणाली.

पोस्टमास्तर फोटोकडं बघत राहिले. फोटोत पाटी होती, दोन हात होते, मागं कापडी फलक होता आणि फलकाखाली ते स्वतः होते, हसत.

"काय आहे, मावशी, समितीचं नाव…"

"समितीनं मला काय दिलं ते मी बोलत नाही. तीन वर्षांत एक अक्षर दिलं नाही तुम्ही. ते राहू दे. एकदा हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. एवढं तर लहान पोरालाही येतं."

प्रशासकांनी पेनाचं टोपण काढलं आणि वाट बघत बसले. समोर नेमणुकीचा कागद होता. नावाची जागा कोरी होती. तिनं ती उलट्या बाजूनंही वाचली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्हाला विचारतेय मी."

पोस्टमास्तरांनी फोटो टेबलावर ठेवायला म्हणून पुढं केला, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा काखेत मारला. सदऱ्याची कॉलर नीट केली. प्रशासकांना वाकून नमस्कार केला, तिच्याकडं न बघता वळले आणि दार मागं उघडंच टाकून निघून गेले.